रिकॉल आला की…

एप्रिल-मे म्हणजे गावाकडच्या रजेचा हंगाम. जत्रा, लग्नं, आंबे, पावसाआधीची घराची डागडुजी, सगळं याच दिवसांत. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला तेव्हाही रत्नागिरी-साताऱ्याकडची बरीच नौसैनिक पोरं घरी असणार. 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तोवर विमानवाहू नौका आणि तिच्यासोबतची जहाजं अरबी समुद्रात सज्ज होती. मधल्या पंधरवड्यात ज्या नवख्यांना परत बोलावलं गेलं असेल, त्यांना एकच प्रश्न पडला असेल: आता आपण नेमकं करायचं काय?

सिनेमात दाखवतात त्यातलं जवळजवळ काहीच नाही. युद्धनौकेवर तीनशे माणसं असली तर मोठे निर्णय घेणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांनी आपली जागा, आपली झोप आणि आपलं तोंड सांभाळायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थकलेला, घरच्या काळजीत बुडालेला किंवा फोनवर नको ते बोललेला एक माणूस सगळ्या जहाजाला महागात पडू शकतो. खालचं सगळं चिल्का किंवा लोणावळ्याहून शिकून नुकतेच मुंबई-कारवारच्या जहाजांवर आलेल्यांसाठी आहे. त्यातलं थोडं त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

आधी घर

संकट आल्यावर घरची कामं आठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. जहाजावर रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच ती उरका.

सुरुवात नॉमिनीपासून. बँक, नेव्हल ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, प्रत्येक ठिकाणी नोंद वेगळी असते. लग्न झाल्यावर नोकरीच्या कागदांत बायकोचं नाव चढतं आणि बँकेत मात्र वर्षानुवर्षं आईचंच राहतं, किंवा उलट. कोणाचं नाव लावायचं हा तुमचा प्रश्न; पण जे असेल ते तुम्ही ठरवलेलं असावं, विसरलेलं नसावं. अग्निवीरांना 48 लाखांचं विमासंरक्षण आहे. त्याच्या अर्जात नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हे स्वतः बघा. एका अक्षरापायी म्हाताऱ्या आईबापांना तालुक्याला किती खेपा पडतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

एक बँकखातं जोडीनं ठेवा आणि त्याचं कार्ड घरी राहू द्या. जमीन नावावर असेल, सोसायटीचं पीककर्ज असेल, तर घरातल्या एका भरवशाच्या माणसाला मुखत्यारपत्र करून द्या. पण सर्वाधिकार देऊन टाकू नका. ठरावीक कामांची यादी घालून, मुदत घालून करा. समुद्रावर असताना भावाने जमीन विकल्याचं कळलं, असले किस्से प्रत्येक जहाजावर ऐकायला मिळतात आणि ते सगळेच खोटे नसतात. दिवाणी दावा चालू असेल तर जहाजाच्या ऑफिसला लेखी कळवून ठेवा. सैनिक कर्तव्यावर अडकला असेल तर त्याच्या माघारी दावा एकतर्फी निकाली निघू नये, यासाठी 1925 पासून इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आहे. त्याचा फायदा आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी असतं हा गैरसमज आहे. सेवेतल्यांच्या कुटुंबांनीही तिथे जायला हरकत नाही.

मग एक वही. साधी, शाळेची, घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी. पहिल्या पानावर तुमचा पर्सनल नंबर, हुद्दा, जहाजाचं नाव, टपालाचा पत्ता (मुंबईच्या जहाजांना फ्लीट मेल ऑफिस, मुंबई 400001 मार्फत), डिव्हिजनल ऑफिसरचं नाव आणि तळावरचा एक फोन नंबर. दुसऱ्या पानावर जवळचं लष्करी रुग्णालय: मुंबईत कुलाब्याचं अश्विनी, लोणावळ्यात कस्तुरी, कारवारला पतंजली, गोव्यात जीवंती, पुण्यात कमांड हॉस्पिटल. नौदलाचंच हवं असं काही नाही, लष्कराचंही चालतं. सोबत डिपेंडंट कार्डाची झेरॉक्स. एवढ्या दोन पानांनी घरातल्या बाईमाणसाची निम्मी धावपळ वाचते. पर्सनल नंबरच माहीत नसेल तर फोनवर पलीकडचा माणूस तरी शोधणार कोणाला?

फोन आला

रिकॉलचा फोन आला की आधी खात्री करा. बोलणारा कोण, कुठल्या जहाजाचा, हे विचारा आणि शंका असेल तर जहाजाच्या किंवा तळाच्या माहीत असलेल्या नंबरवर उलट फोन लावा. मुख्यालयातून बोलतोय, तुझं जहाज कुठे आहे, कधी निघणार, असं विचारणाऱ्या अनोळखी माणसाला काहीही सांगायचं नाही. खरं मुख्यालय तुमच्या जहाजाचा ठावठिकाणा तुम्हाला विचारणार नाही.

खात्री पटली की निघा. आरक्षण नसेल तर मोठ्या स्टेशनवरच्या एमसीओ ऑफिसात, म्हणजे लष्कराच्या मूव्हमेंट कंट्रोलकडे, ओळखपत्र आणि रजेचा कागद घेऊन जा. पोहोचायला उशीर होणार असेल तर वाटेतूनच कळवा. जहाज सुटून गेलेलं असलं तरी घरी परतायचं नाही. ज्या बंदरातून ते गेलं तिथल्या नौदलाच्या तळावर हजर व्हायचं. हजेरी लागली की पुढचं ते बघतात. गावात मात्र "नोकरीवर बोलावलंय" एवढंच. पारावर, सलूनमध्ये, एसटीत त्यापुढे एक शब्द नाही. पोराच्या अभिमानापोटी वडीलच चार ठिकाणी सांगून येतात, म्हणून त्यांना निघतानाच समजावून जा.

बॅगेत जास्तीचे सुती गंजीफ्रॉक, सुती मोजे, रोजची औषधं, चष्मा असेल तर दुसरा चष्मा, छोटा टॉर्च. नायलॉन-पॉलिएस्टरचं काही नको. 4 मे 1982 ला फॉकलंडच्या युद्धात शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि 20 जण दगावले. त्या युद्धात आगीत सापडलेल्या नौसैनिकांच्या अंगावर कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून चिकटले होते. आतल्या कपड्यांबाबत चीफ पेटी ऑफिसर खेकसतो ते शिस्तीच्या हौसेनं नव्हे.

बंदर सुटल्यावर

स्पेशल सी ड्युटीमेनचा पाइप, म्हणजे पुकारा, होतो, दोर सुटतात, आणि थोड्याच वेळात फोनची रेंज जाते. खरं तर त्याआधीच फोन बंद हवा. 2019 च्या अखेरीस हेरगिरीची प्रकरणं उघडकीस आल्यावर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन व समाजमाध्यमांवर बंदी घातली. तुमच्या जहाजावर आज जो आदेश असेल तो तंतोतंत पाळा, पळवाटा शोधू नका. धावण्याची नोंद ठेवणारी घड्याळंही त्यात आली. 2018 साली स्ट्राव्हा या ॲपच्या नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या दिसल्या होत्या, त्या फक्त तिथल्या सैनिकांच्या व्यायामामुळे. आणखी एक: घरच्यांशी सांकेतिक शब्द ठरवण्याचा शहाणपणा करू नका. "मामाकडे चाललोय" म्हणजे कारवार, हे तुमच्या बायकोच्या आधी दुसऱ्या कोणाला कळेल.

मग येतात अफवा. जहाजावर बातमी थेंबाथेंबाने येते, त्यामुळे तिची किंमत वाढते. मेसमध्ये कोणीतरी म्हणतो, अमुक जहाज बुडालं. दुसरा म्हणतो, आपण तमुक बंदरावर चाललोय. किनाऱ्यावर तर कहरच असतो. 8 मे 2025 च्या रात्री कितीतरी वृत्तवाहिन्यांनी नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं ओरडून सांगितलं. तसं काही घडलं नव्हतं. त्या रात्री किती घरांत डोळ्याला डोळा लागला नसेल! जहाजावर यावर एकच उपाय: कॅप्टन किंवा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर मेन ब्रॉडकास्टवर सांगेल ते खरं, बाकीचं ऐकून सोडून द्यायचं. विचारायचं असेल तर आपल्या डिव्हिजनल ऑफिसरला विचारा. सांगता येण्यासारखं असेल तर तो सांगेल, नसेल तर गप्प बसेल.

झोप, पाणी, जेवण

संकटकाळात निम्मं जहाज जागं आणि निम्मं झोपलेलं असा क्रम लागतो. सहा तास वॉच, सहा तास मोकळे, कधी चार-चार. त्या मोकळ्या वेळातच जेवण, अंघोळ, शस्त्रांची साफसफाई आणि झोप. पहिले दोन दिवस उत्साहाच्या भरात पोरं झोपत नाहीत. तिसऱ्या दिवशी मिडल वॉचला, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे चारला, रडारच्या पडद्यासमोर उघड्या डोळ्यांनी झोपलेली सापडतात.

एक चीफसाहेब मालवणकडचे होते. वॉचवरून उतरलेल्या पोराला मेसमध्ये गप्पा ठोकताना बघितलं की म्हणायचे, "पोरा, बूट कुठं आहेत तुझे? लाइफजॅकेट कुठंय? दोन्ही हाताला लागतील असे ठेव, आणि आता बंकात जा. गप्पा माराच्या असतील तर मुंबयत मार." वर्षं लोटली तरी याहून नेमकी सूचना मी कोणाकडून ऐकलेली नाही.

जेवण समोर आलं की खा. पुढचं कधी मिळेल ते गॅलीलाही ठाऊक नसतं. इंजिनरूममध्ये काम असेल तर तहान लागायची वाट न बघता पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. मळमळ होत असेल तर लाजू नका, पावसाळ्यातला अरबी समुद्र भल्याभल्यांना लोळवतो. कोरडा पाव, बिस्किटं, थोडं आलं, जमलं तर उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे नजर. उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून वॉचवर जाण्याआधी स्वतःच्या मनाने घेऊ नका; मेडिकल असिस्टंटला विचारा.

ॲक्शन स्टेशन्स

इथे जरा थांबू, कारण हेच खरं काम आहे.

"हँड्स टू ॲक्शन स्टेशन्स" ऐकू आलं की विचार करायला वेळ नसतो आणि विचार करायचाही नसतो. बाह्या खाली, गळ्याचं बटण बंद, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. अँटीफ्लॅश हूड आणि हातमोजे चढवा. अंगठी, गळ्यातली साखळी आधीच काढलेली. जाताना उघडी दिसलेली सगळी जलरोधक दारं-झाकणं आदेशाप्रमाणे बंद करत जा आणि क्लिपा सगळ्या लावा. सहापैकी दोन क्लिपा लावलेलं दार पाणी अडवत नाही, आणि घाईत नेमकं हेच होतं. मागून धावत येणाऱ्याला शिव्या घालू दे, दार बंद.

बंकापासून उघड्या डेकपर्यंतची वाट डोळे बांधून चालता आली पाहिजे. हा खेळ वाटतो. शांतकाळात एखाद्या रविवारी मित्राला सोबत घेऊन करून बघा. किती पावलं, कुठे शिडी, शिडीला किती पायऱ्या, कुठल्या बाजूला वळण, डोक्याला लागणारा पाइप कुठे. मग तीच वाट दुसऱ्या बाजूने. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने आयएनएस खुकरी काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. वीज गेलेल्या, एका बाजूला कलंडलेल्या जहाजात शिडीसुद्धा शिडीसारखी राहत नाही. काही मिनिटं हाताशी असतात तेव्हा वाट शोधायची नसते, माहीत असायची असते.

आग लागली तर पहिलं काम ओरडणं. "फायर, फायर, फायर", मग जागा, मग हाताशी असलेला एक्स्टिंग्विशर. आधी विझवू, मग कळवू, हा हुशारपणा घात करतो; मिनिटाभरात धूर एवढा दाटतो की कळवणाराच उरत नाही. बंद दारामागे आग असेल अशी शंका आली तर दार उघडण्याआधी तळहाताने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने ते चाचपा. तापलेलं असेल तर उघडायचं नाही, डॅमेज कंट्रोल हेडक्वार्टरला सांगायचं. धुरात उभं राहायचं नाही, डेकलगत सरपटत जायचं. ब्रीदिंग ॲपरेटस लावणाऱ्यांनी दाढीचा मोह सोडावा, मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

आग असलेल्या खोलीइतकंच लक्ष तिच्या चारी बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या भिंतींकडे हवं. लोखंडातून उष्णता पलीकडे जाते आणि तिथला रंग, केबल, कागद आपसूक पेटतात. म्हणून काही माणसं आग विझवतात आणि काही फक्त भिंती थंड करत बसतात. दुसऱ्या गटात नेमणूक झाली म्हणून नाराज होऊ नका. खरं सांगायचं तर कंटाळवाणं काम तेच आणि जहाज वाचवणारंही बऱ्याचदा तेच.

आता पाणी. आग विझवताना ओतलेलं पाणी जहाजातच साचतं आणि डुलताना एका बाजूला धावतं. फेब्रुवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेल्या नॉर्मंडी या महाकाय प्रवासी जहाजाला आग लागली. अग्निशामक बोटींनी इतकं पाणी मारलं की आग आटोक्यात येऊनही जहाज धक्क्यालाच आडवं झालं. म्हणून होज सुरू झाला की कोणाकडे तरी पाणी उपसायचा पंप असलाच पाहिजे. आपल्या डेकवर घोट्याच्या वर पाणी चढलं तर गप्प राहू नका, कळवा.

आणि फायर मेनवरच, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या मुख्य नळावरच, विसंबू नका. शेफील्डवर स्फोटाच्या धक्क्यातच तो निकामी झाला होता. आपल्या विभागात हलवता येणारा पंप कुठे आहे, तो सुरू कसा होतो, त्याचं इंधन कुठे ठेवलंय, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागू नये.

माणसं उचलायची वेळ

राष्ट्रीय संकट म्हणजे दर वेळी युद्ध नव्हे. 2015 मध्ये येमेन पेटलं तेव्हा चाचेविरोधी गस्तीवर असलेली आयएनएस सुमित्रा एडनला वळवली गेली. 31 मार्चला तिने 349 जणांना उचललं आणि जिबुतीला पोहोचवलं. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, आयएनएस जलाश्व मालेहून 698 जणांना घेऊन कोचीला आली. आणि तौक्ते चक्रीवादळात, 17 मे 2021 ला, बॉम्बे हायजवळ पी-305 या बार्जवरचे 261 जण खवळलेल्या समुद्रात सापडले. आयएनएस कोची आणि इतरांनी 186 जणांना जिवंत बाहेर काढलं. मुंबईकरांना ही शेवटची घटना चांगलीच आठवत असेल.

अशा वेळी बंक, ब्लँकेट, कधी स्वतःचे कपडे द्यावे लागतात. ते मुकाट्याने द्या. आलेल्यांची आधी नावं लिहा, सामान तपासा, मग बायका-मुलांना वेगळी जागा. संडास कुठे आहे हे पहिल्या पाच मिनिटांत दाखवा, त्यानंतर चहा. लाइफजॅकेट कसं घालायचं ते करून दाखवा, कारण बोलून अर्ध्यांना समजत नाही आणि उरलेल्यांची भाषा वेगळी असते. लहान मुलाला जिन्याजवळ एकटं सोडू देऊ नका. रडणाऱ्यांचे फोटो काढू नका, कोणाला पाठवण्याचा तर प्रश्नच नाही.

पाण्यातल्या माणसासाठी स्वतः उडी मारायची नाही, तो आदेश फक्त डायव्हरला. तुमच्याकडे हीव्हिंग लाइन आहे, जाळं आहे, लाइफबॉय आहे. बराच वेळ पाण्यात काढलेल्याला शक्य तितकं आडवंच वर घ्या. वर आला, हसला, म्हणून उभं करून चालवू नका. रक्तदाब एकदम कोसळून माणूस डेकवर गतप्राण होऊ शकतो. ओले कपडे काढा, ब्लँकेट गुंडाळा आणि डॉक्टरच्या ताब्यात द्या.

कधी मृतदेहही उचलावे लागतात. ते काम ज्या हातांनी केलं त्यांना दुसऱ्या दिवशी जेवण जात नाही. त्यांना चिडवणाऱ्याला मेसमधल्या वडीलधाऱ्याने तिथेच आवरावं.

घरच्यांनी

जहाज निघालंय, कुठे गेलंय, कधी येणार, यातलं काहीही व्हॉट्सॲप स्टेटसला नको. गणवेशातला जुना फोटो "गर्व आहे" म्हणून टाकण्याचा मोह होतो, तो संकट निवळेपर्यंत आवरा. फोन येणार नाही हे गृहीत धरा. न येणं ही वाईट बातमी नव्हे. घरात कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, तर वहीतल्या नंबरवर कळवा. निरोप जहाजापर्यंत जातो. रजा मिळेलच असं मात्र नाही, तो निर्णय कॅप्टनचा. नौदलाच्या वसाहतीत राहत असाल तर शेजारणींमध्ये आणि एनडब्ल्यूडब्ल्यूए या नौदल कुटुंबांच्या संघटनेतल्या बायकांमध्ये ऊठबस ठेवा. गॅस संपला, मूल तापलं, तर गावाकडच्या दिरापेक्षा त्या आधी पोहोचतात. नवऱ्याला किंवा मुलाला पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण भांडण, उसनवारी, सासू-सुनेचं काही लिहू नका. ते त्याला तिथे बसून सोडवता येत नाही. गाय व्याली, पाऊस पडला, धाकट्याला दात आला, हे लिहा.

परत आल्यावर

10 मे 2025 ला गोळीबार थांबवायचं ठरलं, तरी नौदलाची सज्जता लगेच उतरली नाही. तेव्हा टीव्हीवर युद्ध संपलं म्हणून जहाज उद्या धक्क्याला लागेल, असा हिशोब घरीही करू नका आणि जहाजावरही.

बंदरात आलात की पहिला फोन घरी, दोन वाक्यांचा. मग झोप. पहिल्याच रात्री मित्रांबरोबर बसून सगळं सांगून टाकण्याची ओढ अनावर असते. कुठे होतो, काय बघितलं, हे बाहेरच्या कोणालाही सांगायचं नाही, गावातल्या सत्काराच्या भाषणातही नाही. महिन्याभरानेही झोप उडालेली असेल, दाराच्या आवाजाने दचकायला होत असेल, दारू वाढली असेल, तर जहाजाच्या डॉक्टरला सांगा, तो अश्विनीला पाठवेल. तसं केल्याने बढती अडते, अशी मेसमध्ये कुजबुज असते. अंगावर काढून वॉचवर चूक झाली तर मात्र नक्की अडते.

अडकलेली रजा मागायच्या आधी किटबॅग पुन्हा भरा. वापरलेला एक्स्टिंग्विशर बदलून आला का, अँटीफ्लॅश हूड धुऊन जागेवर गेला का, टॉर्चमध्ये नवे सेल आहेत का, बघा. मग रजेचा अर्ज द्या. आणि घरी गेल्यावर वहीतलं पहिलं पान काढा; डिव्हिजनल ऑफिसर मधल्या काळात बदलला असेल तर त्याचं नाव खोडून नवं लिहा.